पाद्रीणबाईंचं माहेर कसं शोधायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी इंग्लंडात हॅम्पशायरला आहे. आमच्या गावच्या चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्यांवरचे लेख उतरवून घेणारा पाच-सहा जणांचा गट आहे, त्यात मी रविवारी जाते. (शेजारच्या आजी लिंबाचा केक आणतात हे एक कारण. दुसरं कारण आता सांगते.)

पूर्वेच्या भिंतीला लागून एक दगड आहे, अठराव्या शतकाच्या शेवटाचा. वरच्या अर्ध्या भागात पाद्रीबुवा: कुठल्या गावचे, ऑक्सफर्डचं कुठलं कॉलेज, इथे किती वर्षं रेक्टर (गावच्या चर्चचे मुख्य पाद्री) होते, गोरगरिबांना कसे कनवाळू, शिवाय लॅटिनमधली एक ओळ. खाली दोन ओळींत बाई: पहिलं नाव, 'वरील सद्गृहस्थांची विधवा', वय, तारीख. संपलं. नऊ मुलं झाली हो त्यांना! नऊही बाप्तिस्म्यांच्या नोंदी वहीत सापडल्या, आणि नऊही ठिकाणी आईचं नुसतं पहिलं नाव.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी इथे १ जुलै १८३७ पासून, आणि घराघरातली नावं टिपणारी शिरगणती १८४१ ची. बाई त्याच्या कितीतरी आधी गेल्या. लग्न या गावात झालेलं नाही, वही दोनदा चाळली. तर ह्या बाई कुणाच्या कोण, हे शोधायचं कसं? वंशज अजून आसपास आहेत, म्हणून नावं देत नाही. आपण त्यांना पाद्रीणबाई म्हणू.

खवट खोबरं
स्वतःच्या पणजीचं माहेर ठाऊक आहे का आधी? हलके घ्या.

रानजाई
नाही ना! 'कोकणातली होती' एवढंच घरात सांगतात. या बाईंच्या नावाचा निदान दगड तरी आहे.

मिनीमावशी
खोबऱ्या, पहिल्याच प्रतिसादात टोमणा मारलास. रानजाई, विषय झकास आहे. वाचनखूण साठवली.

दस्तुरखुद्द
उभा जन्म जुने कागद चाळण्यात गेला, त्यातली थोडी वर्षं इंग्रजी कागदांत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाप्तिस्म्याच्या वह्यांवर वेळ घालवू नका. आईचं माहेर तिथे लिहायची पद्धतच नव्हती. १८१३ पासून छापील रकाने आले, त्यातही नाही. अपवाद यॉर्कशायरचा. तिथे विल्यम डेड नावाच्या एका पाद्रीसाहेबांनी १७७० च्या सुमारास अशी वही आखली की मुलाच्या आईचे वडील कोण, कुठले, काय करतात, सगळं येतं. पुढे बऱ्याच गावांनी ती उचलली. तुमचं गाव दक्षिणेत, त्यामुळे ते सुख नाही.

तुम्हाला हवी आहे लग्नाची नोंद. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी म्हणजे 'अमक्याचं तमकीशी लग्न लागलं', पुष्कळदा एवढंच. त्यानंतर मात्र वधू-वरांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, लग्न चर्चमध्ये तीनदा पुकारून झालं की परवाना काढून, हे सगळं लिहावं लागे. पाद्री मंडळी बहुधा परवानाच काढत. आपलंच नाव आपल्याच चर्चमध्ये कोण पुकारून घेणार? परवान्यासाठी वराला शपथपत्र द्यावं लागे. वधू एकवीसच्या आतली असेल तर वडिलांची संमती लागे, आणि मग त्यात वडिलांचं नाव येतंच.

लग्न बहुधा मुलीच्या गावात होई. म्हणजे गाव माहीत असेल तर माहेर सापडेल, आणि माहेर माहीत असेल तर गाव! म्हणून सुरुवात नवऱ्यापासून करा. तो आधी कुठे नोकरीला होता?

अर्धवटराव
म्हणजे बाईचा शोध घ्यायचा तर आधी बुवा गाठायचा. कुठल्याही मंगल कार्यालयात हाच नियम.

लंडनचा भाऊ
त्यासाठी सोन्यासारखी सोय आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांची १५४० ते १८३५ ची माहितीसूची जालावर फुकट आहे. दीक्षा कधी, कुठे क्युरेट (मदतनीस पाद्री), कुठे रेक्टर, कुणाच्या शिफारशीने, सगळं मिळतं. शेवटचा मुद्दा सोडू नका. गावचा रेक्टर नेमण्याचा हक्क ही तेव्हा विकता-घेता येणारी, वारशाने मिळणारी मालमत्ता होती. तो हक्क कधीकधी थेट सासऱ्याकडे किंवा मेव्हण्याकडे असे.

दुसरं, पाद्रीबुवा कॉलेजचे फेलो, म्हणजे कॉलेजकडून मानधन मिळणारे सभासद, होते का? फेलोला लग्न करायची मुभा नसे, केलं की फेलोशिप गेली. त्यामुळे ही मंडळी चाळिशीपर्यंतसुद्धा थांबत. कॉलेजच्या ताब्यातलं एखादं गाव रिकामं झालं की ते पदरात पाडून घ्यायचं आणि मग बोहल्यावर चढायचं. रेक्टर झाल्याचं साल मिळालं की पुढची दोन-चार वर्षं धुंडाळा.

आणि माझी पैज: तुमच्या पाद्रीणबाई पाद्र्याचीच लेक निघणार. हरलो तर पुढच्या लंडन कट्ट्याचे बटाटेवडे माझ्याकडून.

मिनीमावशी
एक गाजलेलं उदाहरण देते, त्यावरून वाट कशी काढायची ते कळेल. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनची आई. लेकीबद्दल सगळे बोलतात, आईकडे कोण बघतं? कॅसँड्रा ली, जन्म १७३९, ऑक्सफर्डशायरमधलं हार्पस्डेन. वडील थॉमस ली तिथले रेक्टर. आधी ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, आणि हार्पस्डेन हे गाव त्या कॉलेजच्याच ताब्यातलं. भाऊ म्हणतोय तो नमुना तंतोतंत.

जानेवारी १७६४ मध्ये वडील गेले आणि २६ एप्रिलला बाथ शहरातल्या वॉलकॉट चर्चमध्ये हिचं लग्न झालं, जॉर्ज ऑस्टिन या हॅम्पशायरमधल्या स्टीव्हनटनच्या रेक्टरशी. आता हार्पस्डेनच्या वहीत हे लग्न शोधलं तर जन्मात सापडणार नाही! घरचा कर्ता गेला की रेक्टरचं घर सोडावं लागतं, कारण ते घर पदाचं असतं. त्यामुळे पाद्र्याच्या मुलीचं 'माहेरचं गाव' असं पक्कं काही नसतंच. रानजाई, हे लक्षात ठेव.

पण नोंद सापडल्यावर साक्षीदार बघायचे. तिथे सह्या आहेत जेम्स ली-पेरट आणि जेन ली यांच्या. भाऊ आणि बहीण. जेम्सच्या नावाला 'पेरट' का चिकटलं? त्याला पणजोळच्या पेरट घराण्याची इस्टेट मिळाली म्हणून. म्हणजे एका सहीवरून आईकडचं घराणंही हाती लागतं.

अर्धवटराव
त्या लग्नात बाई लाल लोकरी प्रवासी पोशाखात होत्या आणि पुढे तोच कापून पोरांना कपडे शिवले, असं वाचलंय. खरं का?

मिनीमावशी
घराण्यात तशी आठवण सांगत आलेत. त्यातला एक कोट फ्रान्सिस नावाच्या मुलाला शिकारीला जाण्यासाठी झाला. तो पुढे आरमारात सर्वोच्च पदाला पोचला!

अर्धवटराव
आमच्याकडे आईच्या पैठणीचा परकर झाला, ताई बँकेत लागली.

आजोबा७२
मिनीमावशी, उदाहरण छान, पण उपयोगाचं नाही. लेक जगप्रसिद्ध झाली म्हणून आईची पाळंमुळं शोधली गेली. शिवाय ली घराणं तालेवार. १५५८ साली, म्हणजे पहिली एलिझाबेथ राणी झाली तेव्हा, लंडनचा लॉर्ड मेयर असलेला सर थॉमस ली यांचा पूर्वज. बाईंचा काका थिओफिलस पन्नासहून जास्त वर्षं ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचा मास्टर, म्हणजे प्रमुख. अशांची वंशावळ काय, कुणीही काढेल. रानजाईच्या बाई साध्या घरातल्या असतील तर काय करायचं, ते बोला.

मिनीमावशी
आजोबा, तालेवार असले की सोपं, हे अर्धसत्य आहे. थॉमस नावं मोजा: लॉर्ड मेयर थॉमस, वडील थॉमस, धाकटा भाऊ थॉमस, आणि ॲडलस्ट्रॉपचा रेक्टर असलेला चुलतभाऊ थॉमस. ह्या शेवटच्याला १८०६ मध्ये स्टोनली ॲबी या भल्या थोरल्या वाड्याचा वारसा मिळाला आणि सगळे धावत बघायला गेले, तोवर सदुसष्टीला आलेल्या आपल्या बाईसुद्धा.

त्याहून भारी फसवणूक पुढे आहे. बॅलिअलच्या थिओफिलसकाकांच्या मुलीचं नावही कॅसँड्रा ली! तिचंही लग्न पाद्र्याशीच, ग्रेट बुकमच्या सॅम्युएल कुक यांच्याशी. म्हणजे 'कॅसँड्रा ली, पाद्र्याची पत्नी' एवढं शोधलं की दोन सख्ख्या चुलतबहिणी समोर येतात. नाव आलं कुठून? घराण्याची सोयरीक चँडॉसच्या ड्यूकशी होती आणि त्या ड्यूकची बायको कॅसँड्रा. बड्या नातेवाइकांचं नाव ठेवलं की उपयोग होतो, हे तेव्हाही कळत होतं.

तळ्यात_मळ्यात
चार थॉमस आणि दोन कॅसँड्रा. आमच्या घरात तीन पिढ्यांत पाच विनायक आहेत, पोस्टमन टोपणनावाने हाका मारतो.

दस्तुरखुद्द
आजोबांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. बायकोचं माहेर तेव्हा नुसतं अभिमानापुरतं नव्हतं, त्यात रोकड फायदा होता. ऑस्टिनांचा थोरला मुलगा जेम्स १७७९ साली चौदाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला तो 'संस्थापकाचा आप्त' म्हणून, आणि ते आप्तपण आईच्या बाजूचं. असल्या जागा मिळवायला वंशावळ सिद्ध करून द्यावी लागे. रानजाई, तुमच्या नऊ मुलांपैकी कुणी कॉलेजात अशा जागेवर शिकलं असेल तर थेट कॉलेजच्या दप्तरखान्याला लिहा. बहुतेक वेळा नम्र उत्तर येतं.

आणि एक सावधगिरीची सूचना. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत फेब्रुवारी १७३९ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १७४०. या एका घोटाळ्यामुळे मुलगी आईवडिलांच्या लग्नाआधी जन्मलेली दिसते आणि लोक उगाच कुजबुजतात.

खवट खोबरं
लोक कुजबुजायला कॅलेंडरची वाट बघत नाहीत.

गोदाकाठ
अवांतर: आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांची नावं आहेत. आजोबांबरोबर गेलो होतो, पणजोबांच्या हातची मोडी सही बघून अंगावर काटा आला. बायकांची नावं मात्र तिथेही सासरचीच.

आजोबा७२
कुलवृत्तांतांत तरी कुठे वेगळं आहे? मुलाला अर्धं पान, मुलीला 'दिली अमक्याकडे'. असो, अवांतर वाढलं की मूळ प्रश्न राहतो.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. मूळ प्रश्नापासून जरा दूर, पण भारताचा धागा आहे म्हणून. या पाद्री घराण्यांतली भावंडं कंपनीच्या नोकरीत किंवा लग्नासाठी भारतात येत. वर उल्लेख आलेल्या कॅसँड्राची (जेन ऑस्टिनच्या आईची) नणंद फिलाडेल्फिया १७५२ मध्ये 'बॉम्बे कॅसल' नावाच्या जहाजाने निघाली. जहाजाचं नाव मुंबईचं, बाई उतरल्या मद्रासला. पुढच्या वर्षी कडलूरला कंपनीच्या एका डॉक्टरशी लग्न. मुलगी कलकत्त्यात झाली, तिचे धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज.

आणखी एक. लॉरेन्स स्टर्न हा पाद्री-कादंबरीकार. त्याची बायको एलिझाबेथ लम्ली हीसुद्धा पाद्र्याचीच मुलगी, लग्न १७४१ साली यॉर्क मिन्स्टरमध्ये. शेवटच्या दिवसांत स्टर्नसाहेब जिच्यापायी वेडे झाले ती एलायझा ड्रेपर मुंबईच्या कंपनी अधिकाऱ्याची बायको. तीच पुढे १७७३ मध्ये माझगावच्या बंगल्यातून नवऱ्याला सोडून पळाली, दोराच्या शिडीने असं सांगतात. गंमत बघा, प्रेयसीवर आजही लिहितात आणि लग्नाच्या बायकोचं माहेर सांगायचं तर पुस्तकाच्या तळटीपेत शिरावं लागतं.

रानजाई, पाद्रीणबाईंचं भावंड इकडे आलं असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या नोंदी तीन मालिकांत: बंगाल, मद्रास, मुंबई.

मिनीमावशी
वाचनमात्र, इतके दिवस गप्प का होतात? लिहीत चला.

लंडनचा भाऊ
भानगडींचा विषय निघालाच आहे तर कॅसँड्राबाईंच्या भावजयीचं सांगून टाकतो. म्हणजे साक्षीदार जेम्स ली-पेरट यांची बायको. १७९९ मध्ये बाथच्या दुकानात वीस शिलिंगांची लेस चोरल्याचा आरोप तिच्यावर आला. जामीन नाही, सात-आठ महिने जेलरच्या घरात काढले, सोबत नवराही राहिला. शिक्षा झाली असती तर थेट ऑस्ट्रेलियाला हद्दपारी. मार्च १८०० मध्ये टाँटनला खटला चालला आणि निर्दोष सुटली. घराण्याचा इतिहास शोधताना चर्चच्या वह्यांइतक्याच कोर्टाच्या फायली बघाव्यात, त्यात माणसं बोलतात.

अर्धवटराव
रानजाईने लग्नाची नोंद मागितली, तुम्ही लेसच्या दुकानापर्यंत आलात. अजून दोन प्रतिसादांत पाककृती येणार.

खवट खोबरं
बटाटेवडे आधीच येऊन गेलेत.

रानजाई
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांना दंडवत!

भाऊने सांगितलेल्या सूचीत पाद्रीबुवा सापडले. इथे येण्याआधी चार वर्षं ते बर्कशायरच्या एका गावी क्युरेट होते, म्हणजे पगारी मदतनीस. त्या गावच्या लग्नाच्या वहीचे फोटो मिळाले. पहिल्या दिवशी मी ती नोंद चक्क ओलांडून पुढे गेले, कारण वरापुढे 'क्लार्क' लिहिलं होतं. म्हटलं, हा कुणी कारकून दिसतोय! रात्री दीडला लक्षात आलं की तेव्हाच्या कागदात क्लार्क म्हणजे दीक्षा घेतलेला पाद्री. नवरा जागा झाला इतक्या जोरात ओरडले.

तर, परवान्याने लग्न. वधू 'याच गावची, अविवाहित'. सही वळणदार, शाई भरपूर. माहेरचं आडनाव मिळालं! पण आडनाव असं की इथल्या जोशी-कुलकर्ण्यांत जमा. शपथपत्रात वधू एकवीसच्या वर, म्हणजे वडिलांचं नाव नाही. त्या गावात तिचा बाप्तिस्मा नाही, तिच्या आडनावाचं एकही घर नाही. परवान्यासाठी चार आठवडे गावात राहिलं तरी 'याच गावची' म्हणता येत होतं, हे तिथल्या दप्तरखान्यात कळलं. एक साक्षीदार गावचा चर्च-कारभारी. दुसरी एक बाई, आडनाव वधूचंच. बहीण असावी म्हणून महिनाभर बहीण शोधली. नाही. अडकलेय.

दस्तुरखुद्द
शाब्बास. आता मृत्युपत्रं. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात सिद्ध झालेली १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, सूची जालावर आहे. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून विधवा आणि विशेषतः अविवाहित बायका बघा. पुरुष इस्टेट थोरल्याला देऊन मोकळे होतात. बिनलग्नाची आत्या मात्र चमचा-चमचा मोजून भाच्यांना वाटते, आणि प्रत्येकीचं नातं लिहिते. साक्षीदारणीचं नाव सूचीत घालून पाहिलंत?

रानजाई
पाहिलं हो काका. त्या नावाची एक आहे, बर्कशायरमधल्या रीडिंग शहरातली. पण तिच्यापुढे 'मिसेस' आहे. म्हणजे ते आडनाव तिला नवऱ्याकडून आलेलं, रक्ताचं नाही. म्हणून सोडून दिली.

दस्तुरखुद्द
अहो, उघडा ते! अठराव्या शतकात 'मिसेस' म्हणजे लग्न झालेली असं नव्हे. वयाने, मानाने मोठ्या बाईला, घर चालवणाऱ्या बाईला, बिनलग्नाची असली तरी मिसेस म्हणत. आपण 'बाई' म्हणतो तसं.

लंडनचा भाऊ
हे मलाही माहीत नव्हतं. वीस वर्षं इथे राहून.

रानजाई
उघडलं. हात थरथरतायत, चुका असतील तर सांभाळून घ्या.

पहिल्याच ओळीत 'रीडिंगची अविवाहिता'. चार पानं. मोलकरणीला शोकाचे कपडे आणि सहा महिन्यांचा पगार. एका भाच्याला घड्याळ, 'ते तो पुन्हा गहाण टाकणार नाही या आशेने'. आणि तिसऱ्या पानावर: माझे दिवंगत बंधू, रीडिंगचे औषधविक्रेते, यांची कन्या, रेव्हरंड अमुक यांची पत्नी, हिला चहाची चांदीची किटली आणि शंभर पौंड, 'तिच्या एकटीच्या स्वतंत्र वापरासाठी, तिच्या पतीच्या कर्जाशी वा अधिकाराशी संबंध न येता'.

साक्षीदार बहीण नव्हती, आत्या होती. लग्नाआधी पोरगी तिच्याकडेच राहत असावी असं आता वाटतंय.

मिनीमावशी
ते 'एकटीच्या वापरासाठी' म्हणजे वकिलाने शिकवलेलं वाक्य, बरं का. नाहीतर बायकोला मिळालेली रोकड कायद्याने नवऱ्याची होई. आत्याबाईंनी दगडावरच्या त्या कनवाळू पाद्रीबुवांना बरोबर ओळखलेलं दिसतंय.

आजोबा७२
माझे शब्द मागे. साध्या घरातल्या बाईचंही सापडतं.

अर्धवटराव
औषधविक्रेते म्हणजे पाद्री नव्हेत. भाऊ, बटाटेवडे.

लंडनचा भाऊ
मान्य. तीस. लसणाची चटणी ज्याची त्याने आणायची.

गोदाकाठ
रानजाई, तुमच्या गटाच्या नोंदवहीत बाईंचं माहेरचं आडनाव चढवलंत का?

रानजाई
चढवलं, काल संध्याकाळी, पेन्सिलीने. गटप्रमुख म्हणाले की मृत्युपत्राची प्रत जोडली की शाईने लिहू. केकवाल्या आजींनी नाव दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

खवट खोबरं
छान. आता पाद्रीणबाईंच्या आईचं माहेर?

रानजाई
रीडिंगमधल्या तीन पॅरिशच्या (चर्चच्या हद्दींच्या) वह्या मागवल्यात. औषधविक्रेत्यांचं लग्न १७५४ च्या आधीचं असणार, म्हणजे सह्या नाहीत, साक्षीदार नाहीत. आत्याबाईंनी तर वहिनीचा उल्लेखही केलेला नाही.

खवट खोबरं
नणंदच ती.